मुलाखतीत डोकं रिकामं होतं, काय करू?

पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखती साधारण उन्हाळ्यात होतात आणि त्या दिवसांत तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचं एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "मला येतं हो मॅडम, पण समोर माणसं बसली की काहीच आठवत नाही." त्यांतल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला अस्मिता म्हणू.

अस्मिता सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स, मग फिजिक्स घेऊन बी.एस्सी. 'जॅम' म्हणजे एम.एस्सी. आणि इंटिग्रेटेड पीएच.डी.साठीची (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) देशपातळीवरची प्रवेश परीक्षा तिने दिली आणि चांगले गुण मिळवले. आयआयटीतल्या एम.एस्सी.ला जॅमच्या गुणांवर प्रवेश होतो. पण बंगळुरूची आयआयएससी किंवा पुण्याची आयसर अशा संस्थांत इंटिग्रेटेड पीएच.डी. करायची तर पुढे मुलाखत असते. तीन-चार प्राध्यापक, एक फळा आणि खडू.

एका नावाजलेल्या संस्थेतली तिची पहिली मुलाखत होऊन गेली होती आणि निवड झाली नव्हती. दुसरीला तीन आठवडे उरले होते. आई सोबत आली होती. मुलीच्या आधी तीच बोलली, "मॅडम, दिवसभर पुस्तकात डोकं घालून असते. आता अजून किती वाचायचं तेवढं सांगा हिला."

मी अस्मिताला पहिल्या मुलाखतीत नेमकं काय झालं ते विचारलं. त्यांनी आवडता विषय विचारला, तिने 'क्वांटम मेकॅनिक्स' म्हटलं. डब्यात कोंडलेल्या कणाची ऊर्जापातळी लिहायला सांगितली, ती तिने बिनचूक लिहिली. मग एकजण म्हणाले, डब्याची लांबी दुप्पट केली तर ऊर्जेचं काय होईल? सूत्र तिच्याच अक्षरात समोर फळ्यावर होतं. लांबीचा वर्ग छेदात आहे, म्हणजे ऊर्जा पाव होणार. घरी तिला हे झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तिथे ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि शेवटी "सॉरी सर" म्हणाली. "पाच मिनिटं तरी गप्प होते मॅडम. सगळे बघत होते."

अशा वेळी मुलं दोन निष्कर्ष काढतात. आपला अभ्यास कमी पडला, नाहीतर आपण मुळातच भित्रे. अस्मिताने दोन्ही काढले होते. म्हणून ती रात्री दोनपर्यंत वाचत होती आणि वाचलेलं काही उरत नव्हतं.

खरं काय होतं ते तिला सांगितलं. गणित करताना आपण काही आकडे, काही पायऱ्या एकाच वेळी मनात धरून ठेवतो. ही धरून ठेवण्याची ताकद प्रत्येकाचीच मर्यादित असते. 'यांना काय वाटत असेल', 'घरी काय सांगू' हे विचारही तीच ताकद वापरतात. ज्ञान कुठे गेलेलं नसतं, ते वापरायला मनात मोकळीक राहत नाही. त्यामुळे आणखी दोन पुस्तकं वाचून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या मुलांना तोंडी परीक्षा म्हटली की प्रॅक्टिकलची व्हायवाच माहीत असते. एक्स्टर्नल व्याख्या विचारतात, आली तर आली, नाहीतर पुढचा प्रश्न. उत्तर येणं किंवा गप्प बसणं, तिसरा पर्याय नाही. संशोधन संस्थेतली मुलाखत या रीतीने चालत नाही. तिथले प्राध्यापक सोप्यापासून सुरुवात करतात आणि तुम्ही अडाल तिथपर्यंत मुद्दाम नेतात. अडल्यावर तुम्ही काय करता हे त्यांना बघायचं असतं, कारण पुढची पाच-सहा वर्षं तुम्ही उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नांवरच काम करणार असता. मुलं समजतात, अडलो आणि मुलाखत संपली. खरं तर बघण्यासारखं तिथूनच सुरू होतं. हे एकदा मनापासून पटलं की तयारीची दिशाच बदलते, म्हणून मी यावर बराच वेळ घालवते.

पुढच्या भेटीला एक निवृत्त फिजिक्सचे सर बोलावले होते. ते माझ्या परिचयाचे, आणि अशा कामाला हौसेने येतात. त्यांनीही आधी आवडता विषय विचारला. अस्मिता पुन्हा म्हणाली, क्वांटम. सर म्हणाले, "का आवडतो?" ती अडखळली. नंतर कबूल केलं की मोठ्या संस्थेत तेच सांगावं असं कुणीतरी सांगितलं होतं. अर्जासोबतच्या निवेदनातही 'लहानपणापासून ताऱ्यांचं आकर्षण' वगैरे होतं, तेही इकडून तिकडून घेतलेलं.

मग सरांनी विचारलं, "प्रॅक्टिकलला कुठला प्रयोग मनापासून केलास?" अस्मिताचा चेहरा बदलला. न्यूटन्स रिंग्ज. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवायचं, वरून सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश सोडायचा, आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं की एकात एक काळी-पिवळी वलयं दिसतात. वलयांचे व्यास मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. ती सांगत होती, दिवा लावला की आधी लालसर दिसतो, पुरता पिवळा व्हायला वेळ लागतो. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, मध्येच उलटा फिरवला की रीडिंग चुकतं. कुठे अडखळली नाही.

सरांनी विचारलं, "मधला ठिपका कसा होता?"

"काळा," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे जर्नलमध्ये काळा लिहिलाय. मला उजळ दिसला होता. पुस्तकात काळा आहे, म्हणून तसंच लिहिलं."

सर खुर्चीत पुढे सरकले. "उजळ का दिसला असेल?"

मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण शांतता बरीच ताणली. यावेळी ती काचेकडे बघावं तशी हवेत बघत होती. मग हळूहळू बोलायला लागली. काळा ठिपका येतो कारण मध्यभागी भिंग काचेला टेकलेलं असतं, अंतर शून्य असतं आणि खालच्या काचेवरून परतणाऱ्या प्रकाशाची फेज (लहरीचा चढ-उतार) उलटते. उजळ दिसला म्हणजे अंतर शून्य नसणार. मध्ये धूळ असेल. "आमच्या लॅबमध्ये धूळ असतेच सर." मग सरांनी विचारलं, असं असेल तर तुझं उत्तर चुकलं का? तिने सूत्र कागदावर मांडलं आणि तिचं तिलाच दिसलं की आपण दोन वलयांच्या व्यासांच्या वर्गांची वजाबाकी घेतो, त्यामुळे धुळीमुळे आलेली ती जास्तीची फट उत्तरातून निघून जाते. तरंगलांबी बरोबरच येते. तीन वर्षं ती ते सूत्र वापरत होती. वजाबाकी का घ्यायची, हे तिला त्या दिवशी उमगलं.

हे सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ठिपक्याच्या प्रश्नानंतर ती किती वेळ गप्प होती, असं नंतर विचारलं. "दोन-तीन मिनिटं तरी." आम्ही मिळून ऐकलं. अर्धा मिनिटही भरलं नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःची शांतता फार लांब वाटते आणि त्या वाटण्यानेच तो घाईने "सॉरी सर" म्हणून मोकळा होतो. ज्यांना डोकं रिकामं होण्याचा त्रास आहे, त्यांनी एकदा तरी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकावं.

उरलेल्या दिवसांचा कार्यक्रम त्यातूनच ठरला. नवीन काही वाचायचं नाही. प्रकाशशास्त्र आणि मेकॅनिक्स हे दोनच विषय पुढे करायचे आणि त्यांतल्या प्रत्येक सूत्राला 'हे दुप्पट केलं तर? हे शून्य केलं तर? आलेख कसा दिसेल?' असे प्रश्न स्वतःच विचारायचे. हे उभं राहून, खडू हातात घेऊन आणि मोठ्याने करायचं. मनातल्या मनात सोडवण्याची सवय मुलाखतीत घात करते, कारण समोरच्यांना फक्त तुमची पाठ दिसते. मोठ्याने बोललं तर चूक झाली तरी कुठे झाली ते त्यांना कळतं आणि बहुतेक प्राध्यापक तिथे हात देतात. "इथपर्यंत खात्री आहे, पुढे असं असावं, तपासून बघते" हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं की आईलाही पाठ झालं.

माझ्या खोलीतल्या फळ्यापुढे ती बोलायची, तेव्हा समोर शेजारच्या ऑफिसातले सीए आणि खालच्या मेडिकलवाले काका यांना मी बसवत होते. त्यांना फिजिक्समधलं काही कळत नव्हतं आणि तेच हवं होतं. अनोळखी, गंभीर चेहऱ्यांसमोर बोलण्याची भीती ही त्या चेहऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा बोलूनच कमी होते. घरी आरशासमोर केलेला सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही, असं माझं मत आहे.

इंग्रजीचा प्रश्न तिने फार उशिरा काढला, जवळजवळ निघताना. मराठी माध्यमाच्या मुलांच्या मनात तो नेहमीच सगळ्यांत तळाशी असतो. तिला सांगितलं, छोटी वाक्यं कर, वाक्य तुटलं तर आकृती काढ. फिजिक्सच्या मुलाखतीत फळ्यावरचं समीकरण अर्धं बोलणं सांभाळून घेतं. मात्र "माय इंग्लिश इज नॉट गुड" अशी सुरुवात करायची नाही. विचारलेलं नसताना स्वतःविरुद्ध साक्ष कशाला द्यायची? प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा, त्यात काही कमीपणा नाही.

इथे एक सांगायला हवं. ही सगळी तयारी फिजिक्सच्या मुलाखतीची आहे. एमबीएच्या मुलाखतीत तुमच्या अर्जातल्या ओळीओळीवर प्रश्न येतात, मधलं एखादं रिकामं वर्ष असेल तर त्यावर हमखास. डिझाइनला पोर्टफोलिओ बोलतो. टिससारख्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ठिकाणी समाजकार्य शिकायला जाणाऱ्याला स्वतःच्या गावातल्या पाण्याबद्दल, रेशनबद्दल, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल बोलता यायला हवं. पण तिथेही जे तुम्ही स्वतः बघितलंय, हाताळलंय, त्याबद्दलच डोकं रिकामं होत नाही.

आईशी वेगळं बोलणं झालं. बी.एड. करून इथेच नोकरी लागली तर बरं, असं घरचं म्हणणं होतं. "सहा वर्षं शिकणार, मग लग्नाचं काय, आणि इतके पैसे कुठून आणायचे?" पैशांची माहिती त्यांना कुणी दिलीच नव्हती. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. सुरुवातीच्या वर्षांत ते कमी असतं, आणि पीएच.डी.च्या टप्प्यातल्या जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. हे ऐकल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत. लग्नाचा प्रश्न मी सोडवू शकत नव्हते आणि तसा आवही आणला नाही. एवढंच म्हटलं की मुलाखतीच्या आदल्या दिवशी हा विषय घरात नको. त्यांनी ते पाळलं.

मुलाखतीच्या सकाळी अस्मिताने दहा मिनिटं बसून मनातली सगळी काळजी कागदावर लिहून काढली. रामिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. परीक्षेची धास्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या अगदी आधी अशी काळजी लिहून काढली, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. तो लेखी परीक्षेचा अभ्यास होता, पण मी मुलाखतीआधीही हे सुचवते आणि अनेकांना त्याने हलकं वाटतं. अस्मिताच्या कागदावर फिजिक्सचं एक अक्षर नव्हतं. 'गावात सगळ्यांना कळलंय. नाही झालं तर आजोबा कुणाला तोंड दाखवणार नाहीत.' कागद तिने मला नंतर दाखवला.

मुलाखतीत तिने प्रकाशशास्त्र सांगितलं आणि बोलणं वलयांवर आलं. उजळ ठिपक्याची गोष्ट तिने आपणहून सांगितली, जर्नलमध्ये काय लिहिलं होतं तेही. एका प्राध्यापकांनी मग नवाच प्रश्न टाकला. भिंग आणि खालची काच वेगवेगळ्या अपवर्तनांकांची आहे, मध्ये तेल भरलंय आणि तेलाचा अपवर्तनांक दोघांच्या मधला आहे. आता ठिपका कसा दिसेल? हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं. "आधी काही सुचेना मॅडम. मग आकृती काढली आणि एकेक किरण मोठ्याने बोलत गेले." खालची काच भिंगापेक्षा जास्त अपवर्तनांकाची आहे असं तिने धरलं, आणि तसं धरते आहे हे त्यांना सांगितलं. तेव्हा दोन्ही पृष्ठभागांवर फेज उलटते, म्हणजे दोघांत फरक राहत नाही, ठिपका उजळ. "उलटं असतं तर?" त्यांनी विचारलं. मग एकाही ठिकाणी उलटत नाही, तरीही उजळच. थर्मोडायनॅमिक्सचा एक प्रश्न मात्र तिला शेवटपर्यंत सुटला नाही. जिथवर जमलं तिथवर फळ्यावर मांडून ती थांबली, "यापुढे मला जमत नाहीये" म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाला सामोरी गेली.

तिचं नाव आधी प्रतीक्षा यादीत आलं. तोवर तिने विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवला होता. हे मी प्रत्येकाला आग्रहाने करायला लावते, कारण जागा मोजक्या असतात आणि चांगली मुलाखत होऊनही निवड राहू शकते. जॅम पुन्हा देता येते, हेही घरात आधीच बोलून ठेवावं. जुलैमध्ये यादी पुढे सरकली आणि तिला बोलावणं आलं. आता तिला लॅब निवडायची आहे आणि ती ऑप्टिक्सच्या प्रयोगशाळेत काम मिळतं का ते बघते आहे.