फोटोतला गोरा माणूस गप्प होता का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, शाळेकडून दोनशे मीटर धावते. त्यांच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत एक जुना फोटो लावला आहे. दोन काळे धावपटू, मान खाली, काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर. त्यांच्यापुढे एक गोरा खेळाडू, हात खाली सोडून सरळ उभा. लेक विचारते, ‘‘आई, हा त्यांच्या विरोधात होता का? यानं हात का नाही उचलला?’’ मला उत्तर देता येईना.
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या लेकीला आधी एक काम सांगा. उद्या शाळेत गेली की त्या गोऱ्या माणसाच्या जॅकेटची डावी बाजू नीट बघायची. छातीवर एक गोल पांढरा बिल्ला दिसेल. तसाच बिल्ला मागच्या दोघांच्या छातीवरही आहे. तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

दिवस 16 ऑक्टोबर 1968, गाव मेक्सिको सिटी, शर्यत पुरुषांच्या दोनशे मीटरची. अमेरिकेचा टॉमी स्मिथ 19.83 सेकंदांत पहिला आला, तो जागतिक विक्रम होता. तिसरा जॉन कार्लोस, 20.10. आणि त्यांच्यामध्ये ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, 20.06. मी स्वतः फक्कीच्या रेषांवर, मुरमाच्या मैदानात हीच शर्यत धावले आहे, म्हणून सांगते, वळणावर मागे पडलेल्याचा धीर तिथेच सुटतो. नॉर्मन वळण संपलं तेव्हा बराच मागे होता. शेवटच्या काही पावलांत त्यानं कार्लोसला गाठलं. लेकीला ती शर्यत जरूर दाखवा.

आता बिल्ल्याचं. त्यावर लिहिलं होतं ‘ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’. हॅरी एडवर्ड्स या तरुण समाजशास्त्रज्ञानं आदल्या वर्षी काळ्या खेळाडूंना घेऊन ही चळवळ उभी केली होती. मागण्या अगदी नेमक्या होत्या. वर्णभेदी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला (आजचं झिम्बाब्वे) ऑलिम्पिकमध्ये घेऊ नका. मुहम्मद अलीचा काढून घेतलेला किताब परत द्या. काळे प्रशिक्षक नेमा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी पायउतार व्हावं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला होता. शेतात कापूस वेचत वाढलेला स्मिथ आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममधला कार्लोस मेक्सिकोला नुसते पदकासाठी गेले नव्हते.

पदक घ्यायला जाण्याआधी दोघांनी नॉर्मनला मूठ उंचावून निषेध करण्याचा आपला बेत सांगितला. मानवी हक्कांवर तुझा विश्वास आहे का, असं विचारलं. तो हो म्हणाला. देव मानतोस का? तेही हो. त्याचं घर मुक्तिफौजेचं, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं. नगरच्या बूथ हॉस्पिटलमुळे आपल्याकडे ठाऊक असलेली तीच मुक्तिफौज. मेलबर्नच्या कामकरी वस्तीतला हा मुलगा, खाटकाच्या दुकानात उमेदवारी केलेला, पुढे शाळेत शिकवू लागलेला. तो म्हणाला, मी तुमच्याबरोबर उभा राहीन. कार्लोसनं पुढे सांगितलं आहे की, नॉर्मनच्या डोळ्यांत भीती दिसेल असं मला वाटलं होतं, पण दिसली ती माया.

नॉर्मननं मग स्वतःसाठी बिल्ला मागितला. पॉल हॉफमन नावाच्या अमेरिकी नौकानयनपटूनं, तोही गोराच, आपल्या अंगावरचा काढून दिला. या पायी हॉफमनची चौकशी झाली. कार्लोस आपले हातमोजे खोलीवर विसरला होता. एकच जोडी आहे ना, मग एकेक घाला, ही युक्ती नॉर्मनचीच. म्हणून फोटोत स्मिथची उजवी मूठ वर आहे आणि कार्लोसची डावी. दोघांच्या पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. ते काळ्या माणसाच्या गरिबीसाठी. कार्लोसच्या गळ्यातले मणी, झुंडीनं झाडाला लटकावून मारलेल्यांसाठी.

नॉर्मननं मूठ का उचलली नाही? मला वाटतं, तेच बरोबर होतं. ती मूठ ज्यांनी सोसलं त्यांची. त्यानं त्यांची जागा घेतली नाही, त्यांच्या शेजारी उभा राहिला. आणि तो ज्या देशातून आला होता तिथे तेव्हा गोऱ्यांनाच वसू देण्याचं धोरण पुरतं संपलेलं नव्हतं. तिथल्या मूळ रहिवाशांना जनगणनेत मोजावं, हे सार्वमतानं ठरून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अशा घरी परत जायचं आहे हे ठाऊक असून त्यानं तो बिल्ला लावला.

एक गोष्ट सांगते. शाळेत असताना आमचा संघ स्पर्धेसाठी परगावी एका घरी उतरला होता. रात्री पानं मांडली. आमच्यातल्या एका मुलीचं ताट तेवढं बाहेर ओसरीवर ठेवलं. कारण सगळ्यांना कळलं, तिलाही. दुपारच्या रिलेत तिच्याच हातून मी बॅटन घेतलं होतं. मी माझ्या पानावर बसून राहिले, पिठलं-भाकरी जेवले. उठून तिच्याशेजारी जाऊन बसायला दहा पावलं लागली असती. नॉर्मनचा बिल्ला बघते तेव्हा मला ती ओसरी दिसते.

पुढचं सांगताना जपून सांगा, कारण मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टीत पुष्कळ भेसळ आहे. स्मिथ आणि कार्लोसची पदकं काढून घेतली, हे खरं नाही. पदकं त्यांच्याकडेच राहिली. पण ब्रंडेज यांच्या दबावामुळे त्यांना संघातून काढून क्रीडाग्रामाबाहेर घालवलं. मायदेशी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, काम मिळेना. कार्लोसनं मिळेल ती कामं केली, आणि 1977 साली त्याच्या पत्नीनं आयुष्य संपवलं. पुढे दोघंही मुलांना धावायला शिकवू लागले, स्मिथ कॉलेजात, कार्लोस कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत. त्या गोष्टीत एकट्या नॉर्मनला नायक केलेलं असतं आणि ही दोघं मागे सरकवलेली असतात. याचा मला राग येतो. नॉर्मनलाही हे रुचलं नसतं.

त्यानं सोसलं हे मात्र खरं. संघाच्या व्यवस्थापकांनी त्याला तोंडी समज देऊन सोडलं, पण 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकला त्याला नेलं नाही. तो निवड चाचणीत तिसरा आला म्हणून, असं तिथल्या ऑलिम्पिक समितीचं म्हणणं. पात्रतेची वेळ त्यानं वारंवार गाठली होती, असं इतरांचं. 1985 साली टाच जायबंदी होऊन पाय कापण्याची वेळ आली, मग नैराश्य, दारू. 3 ऑक्टोबर 2006 रोजी हृदयविकारानं तो गेला. मेलबर्नमध्ये त्याच्या शवपेटीला पुढे खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस अमेरिकेहून आले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं त्याची माफी मागितली ती 2012 साली, तो जाऊन सहा वर्षं झाल्यावर.

तो असताना झालेली एक गोष्ट लेकीला नक्की सांगा. स्मिथ आणि कार्लोस ज्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात शिकले, तिथे 2005 साली त्या क्षणाचं शिल्प उभारलं. त्यात दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे. ती तशी ठेवा, असं नॉर्मननंच सांगितलं होतं, म्हणजे येणाऱ्या कुणालाही तिथे चढून त्या दोघांबरोबर उभं राहता येईल.


प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे, दोनशे मीटरला माझी वेळ 23.4 आहे. पीटर नॉर्मनचा विक्रम अजून टिकून आहे का?
— एक धावपटू, लातूर

उत्तर : नाही. 20.06 हा ऑस्ट्रेलियाचा विक्रम 56 वर्षं टिकला. नॉर्मन हयात असेपर्यंत तो कुणालाच मोडता आला नाही. डिसेंबर 2024 मध्ये ब्रिस्बेनला शालेय स्पर्धेत गाउट गाउट नावाचा मुलगा 20.04 धावला. तेव्हा तो 16 वर्षांचा होता. त्याचे आईवडील दक्षिण सुदानहून ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक झालेले.

तुझी वेळ चांगली आहे. वळणावर बाहेर फेकला जात असशील तर डावा खांदा किंचित आत ठेव, आणि सरावाच्या वेळा वहीत लिहीत जा. जानेवारीत मला पुन्हा कळव.