गेमच्या कादंबऱ्या वाचायच्यात? आधी हे वाच

अरे भावा, एकदम दहा पुस्तकं मागवू नकोस, आधी जो गेम तू पूर्ण खेळलायस त्याचंच एक पुस्तक घे. ड्रॅगन एज खेळलायस ना, मग 'द स्टोलन थ्रोन' घे. २००९ मधलं, आणि लिहिलंय डेव्हिड गेडरने, जो त्या गेमचाच मुख्य लेखक, त्यामुळे जग तंतोतंत तेच वाटतं.

गेममध्ये सेनापती लोघेन ऑस्टगारच्या लढाईत राजाला सोडून सैन्य मागे घेतो, आपण त्याला शिव्या घालतो. पुस्तकात तोच लोघेन तरुण आहे, आईचा खून झालेला राजपुत्र मॅरिक जंगलातून जीव घेऊन पळत येतो आणि हा त्याला वाचवतो. मी हे फोंडा-पणजी कदंब बसमध्ये वाचलं, बाहेर धो धो पाऊस, स्टॉप कधी गेला कळलंच नाही, आणि नंतर गेम परत खेळताना लोघेनचा चेहरा बघवेना.

वॉरक्राफ्टवाला असशील तर 'आर्थस' घे, ख्रिस्टी गोल्डनचं, तेही २००९ चंच.

विचरचं मात्र उलटं हां, तिथे पुस्तकं आधी, पहिला गेम २००७ ला आला. आणि पात्रांची नावं लक्षात राहत नसतील तर मागच्या पानावर पेन्सिलीने लिहीत जा, मी अजून लिहितो.