कळी धरायच्या आधी : शेवंतीला कुंडी केवढी?

प्रश्न : ताई, जुलैअखेर नर्सरीतून शेवंतीची १० रोपं आणून ६ इंची कुंड्यांत लावली. आता सप्टेंबर लागला, रोपं दीड वीत झालीत, फुटवेही भरपूर आहेत. सारखी हलवाहलव नको म्हणून थेट १४ इंची कुंड्या आणायचं मनात आहे. गेल्या वर्षी कळ्या दिसल्यावर कुंडी बदलली, तर निम्म्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. यंदा मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरचीच फुलं हवीत.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : १४ इंची आणू नका. जोमदार रोपांना १० इंची भरपूर होते, अंगानं बारीक असतील त्यांना ८ इंचीच द्या.

आकडा इंचात ऐकला की फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात ६ इंची कुंडीत जेमतेम दोन-अडीच लिटर माती बसते, १० इंचीत १० लिटरच्या आसपास आणि १४ इंचीत २५ लिटरच्या वर. तुमच्या रोपाची मुळं आज त्या दोन लिटरांपुरती आहेत. उरलेल्या मातीतलं पाणी प्यायला तिथे कुणीच नाही, ती नुसती ओली राहते. शेवंतीला ओले पाय अजिबात सोसत नाहीत.

हे मी साताऱ्याच्या घरी भोगलंय. कापून अर्धे केलेले प्लास्टिकचे पिंप मिळाले, त्यांत पिवळी शेवंती लावली. महिनाभर पानं अशी तरारली की येणारा-जाणारा थांबून बघे. मग खालची पानं माना टाकायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. शेवटी पिंप उलटं केलं, तर मधे नारळाएवढा मुळांचा गोळा, तोही तपकिरी, आणि भोवती काळी माती, गटारासारखा वास येणारी. सहापैकी चार रोपं गेली. त्यानंतर मी मुळं बघितल्याशिवाय कुंडी ठरवत नाही.

तुम्हीही तेच करा. आदल्या संध्याकाळी पाणी द्या. सकाळी बुंधा दोन बोटांत धरून कुंडी पालथी करा, कड ओट्यावर हलकेच आपटा, गोळा अख्खा हातात येतो. पांढऱ्या मुळांनी मातीला जाळीसारखा वेढा घातला असेल, तर रोप १० इंचीला तयार आहे. माती सुटून पडत असेल आणि मुळं कडेला पोचलेली नसतील, तर ८ इंची. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी थोडी सैल करा, उपटू नका. भोकावर खापर ठेवा. दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, एवढं मला पुरतं. वर इंचभर जागा सोडा, म्हणजे पाणी घालताना माती वाहून जात नाही. चार-पाच दिवस सावलीत ठेवून मग उन्हात आणा. आता शेंडे खुडणं बंद.

गेल्या वर्षीची चूक कुंडीच्या मापाची नव्हती, वेळेची होती. कळी धरल्यावर मुळं दुखावली की रोप आधी स्वतःला सावरतं आणि कळ्या टाकून देतं. नव्या मातीत रुजायला तीन-चार आठवडे हवेत. म्हणून हे काम याच पंधरवड्यात उरका. नंतर कळ्या दिसल्या आणि कुंडी लहान वाटली, तरी हात लावू नका; पाणी दिवसातून दोनदा द्यावं लागलं तरी चालेल.

पाण्याचा अंदाज कुंडी किंचित उचलून घ्या. दोन दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. १० भरलेल्या कुंड्यांचा भार गॅलरीत एकाच जागी नको, भिंतीकडेनं मांडा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण फुलं हवी असतील तर ती कुंडीइतकीच महत्त्वाची आहे. शेवंती कळी धरते ती रात्र लांबायला लागली की, आणि ती रात्र सलग अंधाराची लागते. फुलं उशिरा यावीत म्हणून शेतकरी रात्री शेवंतीवर दिवे लावतात ते याचसाठी. तुमच्या गॅलरीत रस्त्यावरचा दिवा किंवा हॉलची ट्यूब रात्री उशिरापर्यंत पडत असेल, तर कुंड्या बदलताना त्यांची जागाही आत्ताच बदला.