पहिल्या तीन दिवसांचं आधीच ठरवून ठेव

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे, पहिलंच बाळंतपण. माझी स्तनाग्रं सपाट आहेत, म्हणून आई रोज तेल लावून ओढायला सांगते. मोठ्या जाऊबाईंना ‘दूधच आलं नाही’, त्यामुळे सासरी सगळे डब्याचं दूध आधीच आणून ठेवू म्हणतात. बाळ सध्या पायाळू आहे, तसंच राहिलं तर सिझेरियन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाल्या. मी सोलापूरला खासगी कंपनीत नोकरी करते, बाळंतपणाला बार्शीला माहेरी जाणार आहे. मला अंगावरच पाजायचं आहे. आत्तापासून काय तयारी करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरीच लिहिते. माझी सगळी नोकरी प्रसूती वॉर्डात गेली आणि आता मी बाळंतिणींना पाजण्याबद्दल मार्गदर्शन करते. तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं ते यासाठी, की तू सातव्या महिन्यात विचारलंस. बहुतेक मुली बाळ कडेवर रडत असताना विचारतात.

आधी तुझ्या आईचं. तेल लावून ओढणं आजच बंद कर. त्याने स्तनाग्रं वर येत नाहीत, उलट सारखं ओढल्याने गर्भाशय आकसायला लागू शकतं. बाळ स्तनाग्र चोखत नाही गं, स्तन चोखतं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडून भोवतीचा काळा भाग त्याने तोंडात घेतला, की सपाट स्तनाग्रही आत ओढलं जातं. वॉर्डात मी अशा कितीतरी जणींना व्यवस्थित पाजताना पाहिलंय. स्तनाग्र आत वळलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना आत्ताच दाखवून ठेव. त्यावरचे उपाय बाळंतपणानंतर, पाजण्याच्या जरा आधी करायचे असतात.

आता जाऊबाईंचं, कारण मला वाटतं तुझ्या मनातली खरी भीती तीच आहे. खरोखर दूध न येणाऱ्या बायका थोड्या असतात. थायरॉइडचा त्रास, छातीवर आधी झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपणात खूप रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं अशी त्याची कारणं असतात. यातलं तुला काही लागू असेल, किंवा गरोदरपणात छाती अजिबात भरल्यासारखी वाटली नसेल, तर डॉक्टरांना सांग. पण ‘दूध आलं नाही’ हा निकाल बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशीच लागतो आणि दुसऱ्या दिवशी ते भरून येतच नसतं! पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट, अगदी थोडा. बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं, एका वेळी चमचाभर मिळालं तरी त्याचं भागतं. छाती जड होऊन दूध भरतं ते साधारण तिसऱ्या दिवशी आणि सिझेरियनमध्ये कधीकधी एखादा दिवस उशिरा.

या मधल्या काळातली दुसरी रात्र सगळ्यात अवघड. पहिला दिवस झोपून काढलेलं बाळ त्या रात्री सारखं छातीला लागतं, सोडलं की रडतं. तुझं पाजणं चुकतंय असं नसतं, दूध नाही असंही नसतं. सारखं चोखूनच ते दुधाला बोलावत असतं. पण खोलीत चार माणसं असतात, सगळ्यांची झोप मोडलेली असते आणि कोणीतरी म्हणतं, ‘अगं, उपाशी आहे ते.’ डबा फुटतो. बाळाचं पोट भरतं, ते गाढ झोपतं, चोखणं कमी होतं आणि चोखणं कमी म्हणजे दूध कमी. मग आठवड्याने दूध खरंच पुरत नाही आणि दोष त्या मुलीच्या अंगाला दिला जातो. मला याचं फार वाईट वाटतं. तुझ्या जाऊबाईंच्या बाबतीत काय झालं ते मला ठाऊक नाही, पण त्यांना दोषी धरू नकोस आणि कोणाला धरू देऊ नकोस.

म्हणून तुझी तयारी ही : आठव्या महिन्यात आई, सासूबाई आणि नवरा या तिघांना घेऊन बस, दुसऱ्या रात्री काय होईल ते त्यांना सांग आणि तिथेच ठरवा की त्या रात्री तुझ्याजवळ कोण थांबणार. बाळ उचलून देणारं, तुझ्या पाठीला उशी लावणारं आणि ‘होईल, लाव परत’ म्हणणारं माणूस हवं. एकच पुरे. भेटायला येणाऱ्यांची गर्दी थोपवायचं काम नवऱ्याकडे दे.

डबा घरात आणून ठेवू नका. हाताशी असला की रात्री दोन वाजता तो उघडतोच. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला आपल्याकडे 1992च्या कायद्याने बंदी आहे. कोणी पाकीट हातात दिलं तर नको म्हण.

पण दूध पुरतंय हे कळणार कसं? रडण्यावरून नाही, लंगोटांवरून. पहिल्या दिवशी निदान एकदा लघवी, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत जाऊन पाच-सहा दिवसांनी चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी आधी काळी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजन सुरुवातीला थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत जन्माइतकं होतं. हे कागदावर लिहून खाटेजवळ चिकटव, घरातले वाद निम्मे होतील. लघवी कमी झाली, बाळ मलूल होऊन पाजायलाही उठेना, पिवळेपणा वाढला किंवा वजन जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तर मात्र हट्ट करायचा नाही. लगेच डॉक्टर. वरचं दूध द्यावं लागण्याची खरी कारणं असतात, त्यात कमीपणा नाही. तेव्हाही आधी तुझं हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने, मग मिळत असेल तर दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, आणि त्यानंतर डबा. (आशियातली पहिली दूधपेढी आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आजही अशक्त बाळांना तिचा आधार आहे.)

सिझेरियनचं म्हणशील तर बाळ अजून फिरू शकतं. नाही फिरलं तरी बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात, म्हणजे तू जागी असशील. डॉक्टरांना पुढच्या तपासणीलाच विचार : बाळ ठीक असेल तर पहिल्या तासात माझ्या छातीवर देणार का? मला बाळासोबत एकाच खोलीत ठेवणार का? मला न विचारता बाळाला वरचं काही देणार नाही ना? बार्शीत बाळंतपण होणार असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचार, सोलापूरच्या नव्हे. हे मुली विसरतात. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाजता येतं, किंवा बाळाचे पाय तुझ्या काखेखालून मागे जातील असं धरून. आत्ताच एखादी उशी गुंडाळून तसं धरून बघ. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. पहिले काही क्षण ओढ लागते, पण पाजताना दुखतच राहिलं तर तोंडात करंगळी घालून सोडव आणि परत लाव. चिरा पडेपर्यंत सोसायचं नाही.

खरेदी थोडीच : पुढून उघडणारे गाऊन, तार नसलेल्या सुती ब्रा, भरपूर लंगोट. पंप आत्ता घेऊ नकोस.

नोकरीबद्दल एक महत्त्वाचं. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या बाळंतपणाला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. ती आधीच संपवलीस तर बाळाजवळ अठराच उरतील. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं, तर डॉक्टर परवानगी देतील तितकं काम करून रजा नंतरसाठी राख. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या घेण्याचा तुला हक्क आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीने पाळणाघराची सोयही करायची असते. हे रजेच्या अर्जातच लिहून दे.

प्रश्न : सून बाळंतीण होणार आहे. आम्ही जन्मल्यावर मध चाटवायचो, नंतर गुटी द्यायचो, उन्हाळ्यात पाणी पाजायचो. आता हे सगळं नको म्हणतात. मग आजीने करायचं तरी काय?
— एक आजी, संगमनेर

उत्तर : आजी, मध वर्षभर नकोच. त्यातल्या जंतूंच्या बीजांपासून लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी आणि पाणीही सहा महिने नको. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, मे महिन्यातही ते पुरतं. आणि तुमचं काम कमी झालेलं नाही, उलट तुमच्यावाचून अडेल. सुनेला पोटभर जेवू घाला : वरण, भाजी, भाकरी, अंडं चालत असेल तर अंडं. ‘बाळंतिणीला पाणी कमी’ ही रीत सोडा, पाजायला बसली की तांब्या हाताशी ठेवा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेप आवडीने करा. दूध चोखण्यानेच येतं, पण बाळंतिणीच्या अंगात ताकद हवीच. पाजून झालं की बाळ तुमच्या खांद्यावर घ्या, ढेकर काढा आणि तिला झोपू द्या. तिची छाती एका जागी लाल होऊन दुखली आणि ताप आला तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पाजणं मात्र थांबवू नका.