जुनी लक्झरी सेडान: घ्या, पण नक्की कशासाठी घेताय ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नवीन असताना जिच्याकडे नुसतं बघत बसायचो अशी वीस-पंचवीस वर्षं जुनी मोठी सेडान आता छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळतीये, चार नावं काढून ठेवलीत (मर्सिडीज डब्ल्यू२२० एस-क्लास, बीएमडब्ल्यू ई३८ म्हणजे ७ सिरीज, लेक्सस एलएस ४००, जॅग्वार एक्सजे एक्स३०८; डब्ल्यू२२०, ई३८, एक्स३०८ हे त्या त्या पिढीचे कंपनीचे कोड), आणि ओळखीतले सगळे म्हणतायत भिकेला लागशील. माझं उत्तर: घ्या. फक्त घरातली एकुलती एक गाडी म्हणून, रोज सकाळी वेळेवर पोचायला घेणार असाल तर नका घेऊ, मग पुढचं वाचायची पण गरज नाही.

ती एवढी स्वस्त का झाली हे आधी नीट डोक्यात बसू द्या. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. पहिल्या मालकाने सगळं वेळेवर केलेलं असतं, दुसऱ्याने बऱ्यापैकी, आणि तिसरा-चौथा मालक असतो तो "चालतीये ना, मग कशाला" वाला. त्यामुळे तुमच्यापर्यंत जी येते तिच्यावर दोन-तीन मालकांनी पुढे ढकललेली कामं साचलेली असतात आणि ती बहुतेक वेळा एखादं मोठं काम तोंडावर आलंय म्हणूनच विकायला निघालेली असते. म्हणजे विकत घ्यायची किंमत हा हिशेबातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा आकडा. साधारण तेवढेच पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत असतील तर पुढे जा, नाहीतर एक साइझ छोटी गाडी बघा.

आता मुद्द्याचं. लोक या गाड्या घेतात आणि पैसे भलत्याच ठिकाणी घालतात. आल्या आल्या मागचा सनशेड, सीटची मसाज मोटर, स्क्रीनचे गेलेले पिक्सेल, मेमरी मिरर. अहो, १९९४ ची ई३८ ही आतच नॅव्हिगेशन बसवलेली पहिली युरोपियन गाडी होती, त्या काळी केवढं अप्रूप, आज ते नॅव्हिगेशन चालू करून काय करणार? खिशातला फोन शंभर पटीने बरा. पण त्याच काळातल्या डब्ल्यू१४० एस-क्लासच्या दुहेरी काचा आजही तेवढीच शांतता देतात, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. मोठ्या सेडानमधली खरी मजा पत्र्यात, काचेत, सीटच्या बांधणीत, लांब व्हीलबेसमध्ये आणि रबरात आहे. वायरीत जी होती ती तेव्हाच्या शोरूमसाठी होती.

आणि यातला रबर हा एकच भाग असा आहे जो म्हातारा होतो आणि बदलला की गाडी परत तरुण होते, म्हणून मी कुणालाही पहिले पैसे तिथेच घालायला सांगतो. पुढच्या आर्मचे बुश (चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या जोडातला रबरी भाग), बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकअप, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंग, दारांचं बीडिंग. ई३८ आणि तिची धाकटी बहीण ई३९ दोन्हीत साधारण ८० ते १०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागतं ते बहुतेक वेळा पुढच्या थ्रस्ट आर्मच्या बुशमुळे असतं, लोक बिचारे चार वेळा व्हील बॅलन्सिंग करून येतात आणि म्हणतात जर्मन गाड्या अशाच. मोठ्या गाड्यांची इंजिन माउंटिंग बऱ्याचदा आत तेल भरलेली असतात, ती बसली की गिअर डी मध्ये ठेवून ब्रेक दाबून सिग्नलला उभं असताना आरशात थरथर दिसते, इंजिन मात्र बिचारं ठणठणीत असतं. बुश बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा: आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकत असताना नाही. साध्या रबरी बुशला हवेत आवळलं की गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो, मग पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून बोंब. पार्टवरून आठवलं, जर्मन गाड्यांना लेम्फर्डर, साक्स, बिल्स्टाइन, बॉश असल्या कंपन्यांचा माल कारखान्यातच लागलेला असायचा, तोच त्यांच्या स्वतःच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो. मात्र कुणी नाव ऐकलं नाही असा अर्ध्या भावाचा आर्म यात घालू नका, काम दोनदा करावं लागतं.

टायर! हे लोकांना पटत नाही पण गाडी शांत वाटणं आणि न वाटणं यात टायरचा वाटा फार मोठा आहे. साइडवॉलवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांपूर्वीचा कडक झालेला टायर ठेवाल तर नवीन बुशचा पण काही उपयोग नाही. आणि मोठी रिम नको, कंपनीने दिलेल्यातली सगळ्यात छोटी रिम आणि जाड टायर, या गाड्या त्यावरच छान चालतात.

एअर सस्पेन्शनला (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) लोक वाजवीपेक्षा जास्त घाबरतात. डब्ल्यू२२० ला ते आहे, नंतरच्या जॅग्वार एक्स३५० ला आहे, ऑडी ए८ च्या दुसऱ्या पिढीला आहे. हवेच्या फुग्याचं रबर भेगाळतं, हवा हळूहळू जाते, सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसतो. गाडी स्टार्ट केली की कॉम्प्रेसर ती उचलतो म्हणून मालक दुर्लक्ष करतो, आणि खरं नुकसान इथे होतं, कारण कॉम्प्रेसर थोडाच वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो आणि गळतीमुळे तो सारखा चालत राहून जळतो. म्हणजे एका फुग्याचं काम फुगा अधिक कॉम्प्रेसर अधिक रिले असं होऊन बसतं. साबणाचं पाणी मारून गळती लवकर पकडली तर हे काम आटोक्यातलं आहे. कॉइल स्प्रिंगचं किट लावून टाका असा सल्ला मिळेल, मला तो आवडत नाही, ज्यासाठी गाडी घेतली तेच काढून टाकल्यासारखं होतं. आणि काहीही असो, नुसत्या जॅकवर अशा गाडीखाली शिरू नका, स्टँड लावूनच. हवा गेली की ती सांगून खाली येत नाही.

पण त्याच डब्ल्यू२२० मध्ये एस६०० वगैरेला एबीसी नावाचं हायड्रॉलिक सस्पेन्शन आहे, सुमारे २०० बार प्रेशरचं तेल फिरतं त्यात, पंप, व्हॉल्व्ह ब्लॉक, पाइप सगळंच महाग. पहिलीच गाडी असेल तर त्याच्यापासून आणि एकूणच व्ही१२ पासून लांब राहा. बारा सिलिंडर ऐकायला भारी वाटतात, बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा नसते.

यावरूनच माझं एक ठाम मत, रेंजमधलं छोटं आणि साधं इंजिन घ्या. ई३८ मध्ये ७२८आय चं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन मिळालं तर उत्तम. ७४०आय व्ही८ छान आहे पण सुरुवातीच्या ४.० लिटरवाल्यांना सिलिंडरच्या आतल्या निकासिल नावाच्या कोटिंगची भानगड होती, सल्फर जास्त असलेल्या पेट्रोलने सिलिंडरची भिंत खराब व्हायची, आणि पुढच्या ४.४ मध्ये टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड तुटतात, ते काम मोठं आहे. जॅग्वार एक्स३०८ (१९९७ ते २००३) ची कहाणी पण जवळपास तीच, सुरुवातीच्या व्ही८ ला निकासिल, आणि चेन ताणून धरणारे प्लॅस्टिकचे टेन्शनर. नंतर धातूच्या बॉडीचे टेन्शनर आले, ते घातल्याची पावती नसेल तर ते काम तुमच्या अंगावर आहे असंच समजून भाव करा. जॅग्वारच घ्यायची असेल तर खरं सांगू, तिच्या आधीची सरळ सहावाली एक्स३०० बघा, इंजिन दणकट आहे आणि बॉनेटखाली काय चाललंय ते कळतं तरी.

कूलिंगबद्दल थोडक्यात. रेडिएटरच्या टाक्या, एक्स्पान्शन टँक, काही वॉटर पंपांचे पंखे, हे सगळं प्लॅस्टिक आहे आणि उष्णतेने ठिसूळ होतं. इतिहास माहीत नसेल तर होजपाइप, थर्मोस्टॅट, पंप सगळं एकदम बदला. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की गाडीच्या किमतीएवढं बिल. आणि ऑटो गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" असतं असं जे सांगतात त्यांना विचारा कुणाच्या लाइफचा टाइम? झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते. मर्सिडीजच्या त्या काळच्या पाच गिअरवाल्या बॉक्सला वायरिंगचा एक गोल प्लग असतो, त्याची छोटीशी रिंग गळते आणि तेल वायरीतून वर चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत (गिअरबॉक्सचा छोटा कॉम्प्युटर) जातं. तो प्लग अगदी स्वस्त आहे, तेलाबरोबर बदलून टाका.

इलेक्ट्रिकलची भीती निम्मी तरी बॅटरीची असते. या गाड्यांत कंट्रोल युनिटांची पलटण आहे, व्होल्टेज जरा पडलं की प्रत्येक जण वेगळी तक्रार करतो, सस्पेन्शनची लाइट, एबीएसची लाइट, दार उघडं नसताना दार उघडं. म्हणून स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावायच्या आधी चांगली बॅटरी आणि अर्थिंगच्या पट्ट्या साफ. उरलेली निम्मी भीती पाण्याची, ती मात्र खरी. सनरूफचे निचऱ्याचे पाइप आणि पुढच्या काचेखालची पन्हाळ पानांनी तुंबते, पाणी आत येतं आणि बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट नेमकी कार्पेटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात बसवलेली असतात. गाडी बघायला जाल तेव्हा कार्पेट हाताने दाबून बघा, स्पेअर व्हीलचा खड्डा बघा, आणि बंद गाडीत शिरताना पहिला वास घ्या, कुबट वास असेल तर परत या. स्कॅनर पण साधा निळा ब्लूटूथवाला नको, तो इंजिनापुरतं बोलतो. त्या त्या कंपनीचं घ्या, बीएमडब्ल्यूला इन्पा, ऑडी-फोक्सवॅगनला व्हीसीडीएस, मर्सिडीजला स्टार. किंवा ते असलेला आणि नुसते कोड पुसत न बसणारा मेकॅनिक शोधा. गाडीच्या आधी मेकॅनिक शोधा, खरं म्हणजे.

तुमच्या चारांत माझा क्रम विचाराल तर एलएस ४०० पहिली. १९८९ ला आली तेव्हा हवेला अडथळा करण्याचा तिचा आकडा ०.२९ होता, मोठ्या सेडानसाठी फारच कमी, आणि तिच्या १यूझेड नावाच्या व्ही८ इंजिनाची ख्याती तुम्हाला माहीतच असेल, १९९६ च्या एका एलएस ४०० ने दहा लाख मैल पार केल्याचं जगजाहीर आहे. बघायचं ते टायमिंग बेल्ट (व्हीव्हीटी-आय, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलत राहणाऱ्या, नंतरच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, अगदी सुरुवातीच्यांत नाही), पॉवर स्टिअरिंग पंपाची गळती जी खाली अल्टरनेटरवर टपकते, आणि सुरुवातीच्या गाड्यांत ईसीयूमधले (इंजिनचं कंट्रोल युनिट) फुगलेले कपॅसिटर. काही जण म्हणतात ती बोअर आहे. असेल, पण मला तो बोअरपणा पैसे देऊन हवाय. दुसरी ई३८, चालवायला चौघींत सगळ्यात गोड आणि दिसायला तर विचारूच नका. डब्ल्यू२२० तिसरी, यांत्रिकदृष्ट्या एस५०० चं इंजिन फारच भरवशाचं आहे, पण पत्रा गंजतो, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा. बुश बदलता येतो, गंजलेला सांगाडा कोण आणि किती वेळा बदलणार. एक्स३०८ चौथी, तिच्या लाकडावर आणि चामड्यावर जीव जडला असेल तरच, आणि जडला असेल तर माझं कुणी ऐकणार नाही हेही माहितीये.

एक सवय लावून घ्या, घेतल्यावर बिघाडांची यादी करा आणि तीन भागांत टाका. थांबवणारे किंवा मारणारे (ब्रेक, स्टिअरिंग, कूलिंग, टायर, पेट्रोलचे पाइप) लगेच. चाल आणि शांतता बिघडवणारे सावकाश, एकेक. आणि तिसरा भाग तसाच राहू द्या. मागच्या सीटचा हेडरेस्ट बटणाने खाली जात नाही? नाही जात. स्वतः हात लावायची आवड असेल तर त्या तिसऱ्या भागात रविवार मस्त जातात, पण पहिले दोन रिकामे झाल्यावर.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेव, मी आल्यावर स्टार्ट करू. गरम करून ठेवली असेल तर चेनचा आवाज, धूर, खाली बसलेलं सस्पेन्शन काहीच कळणार नाही. आणि पावत्यांचे फोटो, गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो, टायरवरचे ते चार आकडे इथे टाका, मी आणि बाकीची मंडळी बघून सांगतो. बाहेरून पॉलिश मारलेले फोटो नकोत, ते सगळ्यांचे सारखेच असतात.