ग्रिस सुरू करताय? घाई नको

ग्रिस हा व्हिडिओ गेम घेतलात, फार छान! सुरुवातीला बटण दाबलं की खेळातली मुलगी उडी मारण्याऐवजी गुडघ्यांवर कोसळते. कंट्रोलर बिघडलेला नाही. ती दुःखात आहे. तिला नुसतं चालू द्या.

- हेडफोन लावाच. बर्लिनिस्ट या बँडचं संगीत टीव्हीच्या स्पीकरवर निम्मं हरवतं.
- इथे मरण नाही. बिनधास्त उड्या मारा, चुकू द्या.
- पहिल्याच फेरीत लपलेल्या वस्तू शोधत बसू नका. नवे खेळाडू हमखास इथेच अडकतात. खेळ ३-४ तासांचाच आहे, नंतर परत जाता येतं.

कोडी सोपी आहेत, कबूल. पण रंग हरवलेल्या जगात पहिल्यांदा लाल पसरतो, तेव्हा थांबा. खेळाचा चित्रकार कॉन्राड रोसेट, त्याची जलरंगातली चित्रं धावत बघण्यासारखी नाहीत.