थकण्याआधी खुर्ची

पोरी,

फार वेळ चालता-उभं राहता येत नसताना मोठ्या राइडच्या पार्कात सहलीला जायचं, म्हणून तू विचारलंस, "मला जमेल का?" एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही, म्हणून तो रात्रभर डोक्यात फिरत राहतो. त्याचे तुकडे कर. रांगेत किती मिनिटं उभं राहता येईल? गुडघ्याच्या खाली असलेल्या सीटवरून उठता येईल का? राइड मध्येच बंद पडली तर जिना उतरावा लागेल का? भाड्याच्या व्हीलचेअर संपल्या असतील तर? या प्रत्येकाला उत्तर आहे, आणि बरीचशी उत्तरं निघण्यापूर्वी घरीच मिळतात.

आधी तुझ्या बेतातली एक गोष्ट बदलायला सांगते. "जमेल तेवढं चालेन, दमले की व्हीलचेअर घेऊ," असं तू लिहिलं आहेस. तसं करू नकोस. गेटमधून आत शिरतानाच खुर्चीत बस. मोठ्या पार्कात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं, आणि त्याशिवाय तासन् तास उभं राहणं असतं ते वेगळंच. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात-सैलावतात आणि रक्त वर ढकलत राहतात. रांगेत तेच स्नायू ताठ राहतात, रक्त पायांत साचतं, म्हणून तुझ्यासारख्या अनेकांना चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त जड जातं. शिवाय पूर्ण दमल्यावर बसलं की भरून यायला फार वेळ लागतो. दमलेलं पाऊल नीट उचललं जात नाही, ठेच लागते, तोल जातो. आणि खुर्च्या भाड्याने मिळतात त्या मुख्य गेटपाशी. तू दमशील तेव्हा गेटपासून सगळ्यात लांबच्या टोकाला असशील.

चालता येत असताना खुर्चीत बसायला तुला संकोच वाटतो, हे ओळींच्या मधून दिसतंच आहे. तुला चालता येतं ते जपून ठेवायचं आहे, राइडमध्ये चढण्या-उतरण्यासाठी आणि जिथे खुर्ची जातच नाही अशा चार जागांसाठी. रस्ता खुर्चीवर, राइडमधलं चढणं-उतरणं पायांवर, अशी वाटणी कर.

आता मोजमाप. सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चाल आणि दुखणं किंवा पाय ओढला जाणं कितव्या मिनिटाला सुरू झालं ते लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी कशालाही न टेकता उभी राहा आणि तेच लिही. दोन्ही वेळा त्यानंतरच्या सकाळी कसं वाटलं तेही लिही. बहुतेक जण हे विसरतात, आणि नेमका त्याच सकाळी सहलीचा दुसरा दिवस सुरू होणार असतो. आलेल्या आकड्याच्या निम्मा आकडा पार्कातला धर, कारण तिथे ऊन, गर्दी आणि आवाजही असणार. हा आकडा घरच्या मंडळींनाही सांग. "मला त्रास होतो" हे त्यांना नीट समजत नाही, "मला दहा मिनिटं उभं राहता येतं" हे लगेच समजतं.

साधन कोणतं घ्यायचं, हे तुझ्या हातांवर आणि खांद्यांवर ठरेल. स्वतः ढकलायची मागे मोठी चाकं असलेली खुर्ची तुला मोकळेपणा देते, पण सवय नसेल तर दिवसभरात खांदे भरून येतात. चारही चाकं लहान असलेली खुर्ची हलकी असते, मात्र ती दुसऱ्यानेच ढकलावी लागते. म्हणजे कुठे वळायचं, कुठे थांबायचं हेही तोच ठरवणार. नव्याने खुर्चीत बसणाऱ्याची चिडचिड बहुतेक इथूनच सुरू होते. विजेवरची स्कूटर लांब अंतरासाठी उत्तम. तीन चाकांची कमी जागेत वळते पण वळणावर कलंडू शकते, चार चाकांची स्थिर असते पण तिला वळायला जास्त जागा लागते. गर्दीत वेगाची कळ सगळ्यात खालच्या खुणेवर ठेव. चालवायला दाबायचं लिव्हर सोडलं की स्कूटर आपोआप थांबते. मागच्या बाजूला मोटर मोकळी करण्याचा एक खटका असतो. तो चुकून "मोकळ्या" बाजूला राहिला तर ब्रेक लागत नाही आणि उतारावर स्कूटर घरंगळते. बसण्याआधी तो खटका दर वेळी बघ. कंपनीने सांगितलेलं अंतर सपाट जमिनीवरचं आणि नव्या बॅटरीचं असतं, तू निम्मं ते दोन-तृतीयांश धर. पार्कातल्या स्कूटरला बऱ्याच ठिकाणी १८ वर्षांची अट असते आणि ती पार्काबाहेर नेता येत नाही, म्हणजे पार्किंगपासून गेटपर्यंतचा रस्ता तुला दुसऱ्या सोयीने काढावा लागेल. हे आधी फोन करून विचार.

माझं मत विचारशील तर सात-आठ दिवस आधी बाहेरून खुर्ची भाड्याने घे आणि तीच सोबत ने. पार्कातल्या खुर्च्या सगळ्यांना चालाव्यात म्हणून रुंद असतात, त्यात तू एका बाजूला कलून बसशील आणि संध्याकाळी कंबर धरेल. बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक तळवा उभा, सपाट जाईल एवढीच जागा हवी. फूटरेस्ट अशा उंचीवर हवा की मांड्या पूर्ण टेकतील आणि खाली जमिनीपासून पाचेक सेंटिमीटर मोकळे राहतील. त्याहून खाली असला तर रॅम्पच्या तोंडाशी घासतो.

हवेचे टायर असतील तर हवा भरून घे, आकडा टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. साध्या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी एक लोखंडी पट्टी. हवा कमी झाली की टायर आत जातो, पट्टी नुसती टेकते, आणि ब्रेक लावलेली खुर्चीही सरकते. ब्रेक लावून हाताने ढकलून बघ, हलली तर हवा भर. आणि जड बॅग पाठीमागच्या दांड्यांना अडकवू नकोस. तू बसलेली असतेस तोवर तुझं वजन तिला तोलून धरतं. तू उठलीस की खुर्ची मागच्या मागे उलटते, बहुतेक वेळा तू तिचाच आधार घेत असताना. चढावर तर बसलेली असतानाही उलटू शकते. सामान सीटखाली बांध.

सोबत काठी नेणार असशील तर तिची उंची मनगटाच्या घडीइतकी हवी आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. टोकाचं रबर उलटून बघ. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर नवं बसव, पाण्याच्या राइडजवळची फरशी ओलीच असते.

आता राइड. पार्काच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडचे नियम लिहिलेले असतात. ते वाचताना तीन गटांत विभागणी कर. काहींत खुर्चीसकट बसता येतं, काहींत स्कूटर बाहेर ठेवून साध्या व्हीलचेअरमध्ये यावं लागतं, आणि बऱ्याच राइडमध्ये खुर्ची सोडून स्वतः सीटवर सरकावं लागतं. तिसऱ्या गटासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. पार्काचे कर्मचारी सहसा तुला उचलू शकत नाहीत, तसा नियमच असतो. मदत करायची ती तुझ्या सोबतच्या माणसाने. मग पुढचा प्रश्न विचार: राइड वर बंद पडली तर खाली कसं आणतात? अरुंद पुलावरून किंवा पायऱ्यांवरून चालावं लागत असेल आणि तुला ते जमणार नसेल, तर ती राइड यादीतून काढ. हे वाचायला वाईट वाटेल हे कळतंय मला. पण हे घरी, शांतपणे, कागदावर ठरलेलं बरं. तासभर रांगेत थांबल्यावर तोंडावर नकार मिळतो तेव्हा जास्त लागतं.

व्हीलचेअर असली की रांग चुकते, असं तुझ्या भावाला वाटतंय. ते डोक्यातून काढ म्हणावं. बऱ्याच नव्या पार्कांत रांगच खुर्ची जाईल इतकी रुंद बांधलेली असते, त्यामुळे तू सगळ्यांबरोबरच थांबतेस, फक्त बसून. जुन्या राइडला वेगळा दरवाजा असतो, आणि तिथे कधीकधी जास्तच थांबावं लागतं, कारण आपत्तीत बाहेर काढता येतील एवढ्याच खुर्च्या एका वेळी आत सोडतात.

खुर्चीतून सीटवर सरकण्याचा सराव आजपासून कर. खुर्ची समोरासमोर न लावता सीटला तिरकी, ३० ते ४५ अंशांत लाव. दोन्ही ब्रेक. फूटरेस्ट उचल किंवा बाजूला फिरव. फूटरेस्टवर पाय ठेवून कधीही उठू नकोस, वजन पुढच्या लहान चाकांच्या पुढे पडतं आणि खुर्ची तुझ्यासकट पुढे उलटते. कडेला सरक, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकी पुढे वाक, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ऊठ. उभी राहिलीस की लगेच वळू नकोस, दोन श्वास थांब. मग लहान पावलांनी वळ. सीट पोटऱ्यांना लागली की हात मागे नेऊन टेकव आणि हळू बस.

खरी परीक्षा उतरताना असते. राइडची सीट बहुधा बुटकी, बाजूची कड उंच, आणि तू नुकतीच हिंदकळून आलेली. म्हणून घरातल्या सगळ्यात खोल सोफ्यावरून उठून बघ, हात न लावता, मग एका हाताने, मग कुणाच्या आधाराने. सोबतच्या माणसाला शिकव की दंड धरून ओढायचं नाही. त्याने स्वतःचा हात कोपरात वाकवून घट्ट धरायचा आणि जोर तू लावायचा. काही राइडमध्ये सीट थांबत नाहीत, सरकत्या पट्ट्यावर चालत बसावं लागतं. बऱ्याच ठिकाणी विनंती केली की पट्टा हळू करतात किंवा थांबवतात, पण ते चढण्याआधी सांगावं लागतं.

मान, पाठ, हृदय किंवा अलीकडचं ऑपरेशन यांबद्दल डॉक्टरांना "मी पार्कात जाऊ का" असं विचारू नकोस, ते "सांभाळून जा" म्हणतील आणि तू होतीस तिथेच राहशील. "अचानक मान मागे आपटेल असा झटका चालेल का? खांद्यावरून खाली येणारा दांडा चालेल का? दिवसात किती वेळ बसलं तर चालेल?" असं विचार. पायांना किंवा बैठकीला बधिरपणा असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून मिनिटभर-दोन मिनिटं बैठकीवरचा भार काढ. ओल्या कपड्यांत तसंच बसून राहू नकोस. ओली कातडी लवकर सोलवटते, आणि बधिर जागी ते कळतही नाही. पाण्याची राइड शेवटी ठेव, कोरडे कपडे सोबत ने.

विमानाने जाणार असाल आणि स्कूटर तुमची असेल, तर बॅटरीवरचे दोन आकडे गुण: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे २४०. काढता येणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला मर्यादा ३०० वॉट-तासांची आहे, दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६०. ती काढून केबिनमध्ये न्यायची, टोकं झाकून. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. कुशन आणि सुटे होणारे भाग स्वतःजवळ ठेवा, विमानाच्या पोटातल्या सामानात तेच हरवतात. हॉटेलला "सोयीची खोली" एवढंच विचारून भागत नाही. दाराची मोकळी रुंदी (८० सेंटिमीटर असली तर निर्धास्त), पलंगाची उंची आणि न्हाणीघरात उंबरा आहे का, हे सेंटिमीटरमध्ये विचार.

लोक बघतील, ही तुझी सगळ्यात मोठी भीती. खुर्चीतून उठून राइडमध्ये चढलीस की काही जण नक्की बघतील. तुला उत्तर द्यायची सक्ती नाही. द्यावंसं वाटलं तर एक वाक्य पाठ करून ठेव: "मला थोडं चालता येतं, लांब नाही." तेवढंच, पुढे आजाराचं नाव, तारखा, काही नाही. घरी दोन-चारदा मोठ्याने म्हण, म्हणजे ऐनवेळी आवाज कापणार नाही. ढकलणाऱ्यांशीही आधीच बोल. न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही, "थांब" म्हटलं की तिथेच थांबायचं, आणि गर्दीत पुढच्यापासून दोन पावलं अंतर ठेवायचं, कारण मागून त्यांना तुझा फूटरेस्ट दिसत नाही आणि तो समोरच्याच्या टाचेवर बसतो. खड्डा किंवा रूळ आला तर काटकोनात ओलांडायचा, तिरकं गेलं की पुढचं लहान चाक अडकतं. फुटपाथवरून उतरताना आणि तीव्र उतारावर खुर्ची उलटी घ्यायची. १ सेंटिमीटर चढाला १२ सेंटिमीटर लांबी असलेला रॅम्प ढकलायला ठीक असतो, त्याहून उभा दिसला तर दुसरा रस्ता विचारा.

दिवसाला तुझ्या मनातल्या तीनच राइड ठरव, बाकी मिळाल्या तर मिळाल्या. त्या उघडल्या-उघडल्या करा, भर दुपारी दोन-तीन तास खोलीवर आडवी हो, संध्याकाळी परत या. पार्काचे दोन दिवस असतील तर मध्ये एक दिवस रिकामा ठेवा. मिरवणूक किंवा आतषबाजी संपण्याच्या दहा मिनिटं आधी निघा, नाहीतर संपल्यावर वीस मिनिटं जागेवरच बसा. त्या लोंढ्यात तुझी नजर सगळ्यांच्या कंबरेच्या उंचीवर असते आणि श्वास कोंडल्यासारखा वाटतो. तसं झालंच तर खुर्ची भिंतीच्या कडेला घेऊन ब्रेक लाव, लोंढा ओसरू दे.

या रविवारी भाड्याची खुर्ची घेऊन एखाद्या मॉलमध्ये तीन तास फिरून ये. लिफ्ट, रॅम्प, स्वच्छतागृह, गर्दी, लोकांच्या नजरा, सगळं तिथे आहे, आणि नको झालं तर घर जवळ आहे. काय टोचलं, कुठे अडकलीस, कितव्या मिनिटाला खांदे दुखले ते लिहून पाठव. सोबत पार्काच्या राइडची यादी आणि तुझे चालण्याचे व उभं राहण्याचे दोन आकडे. कोणत्या राइड ठेवायच्या ते त्यावरून ठरवू.